सोन्याच्या गावाचे दप्तर

एखाद्या गावाला इतिहास आहे असे म्हणायला ते गाव किती जुने असावे लागते? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गावाबाहेरच्या देवळाचा काळ विचारला, की पुजारी थेट पांडवांपर्यंत नेऊन पोहोचवतो आणि आपणही मान डोलावून प्रसाद घेतो. पण कॅनडाच्या उत्तर भागात येलोनाइफ नावाचे एक शहर आहे. तिथला नव्वदीचा आजोबा आणि शहर साधारण एकाच वयाचे. अशा गावाचे जुने कागद कुणी गोळा करू लागला, तर त्याच्या शेजाऱ्यांनी त्याला हसायचे की त्याचे आभार मानायचे?

येलोनाइफमध्ये दोन्ही झाले असणार. आज मात्र तिथे आभाराचे पारडे जड आहे, आणि त्याचे कारण साधे नाही. ते कारण जमिनीखाली पुरलेले आहे. त्याकडे वळण्याआधी गावाची थोडी ओळख करून घेऊ.

ग्रेट स्लेव्ह हे उत्तर अमेरिकेतले सर्वांत खोल सरोवर. खोली ६१४ मीटर. त्याच्या उत्तरेकडच्या फाट्यावर, ६२ अक्षांशांच्याही वर, खडकांच्या उंचवट्यांवर हे शहर वसले आहे. वस्ती सुमारे वीस हजार. हिवाळ्यात पारा कधीकधी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो, सरोवर गोठते आणि त्या बर्फावरून मोटारींचा रस्ता सुरू होतो. पलीकडच्या काठावरील डेटा या डेने लोकांच्या वस्तीला त्या दिवसांत बर्फावरून सरळ जाता येते. उन्हाळ्यात तेच गाव वळसा घालून गाठावे लागते. येलोनाइफ हे नाव गोऱ्या लोकांनी दिले. इथल्या डेने लोकांकडे तांब्याच्या पात्यांची हत्यारे असत, म्हणून ते 'पिवळ्या सुऱ्यांचे लोक'. खुद्द डेने भाषेत या शहराला 'सोम्बाके' म्हणतात. अर्थ, पैशाची जागा. नाव ठेवणाऱ्याने थोडक्यात सगळे सांगून टाकले आहे.

हा पैसा म्हणजे सोने. १९३५ मध्ये सरकारी भूगर्भतज्ज्ञांच्या एका तुकडीला येलोनाइफच्या खाडीकाठी सोन्याचा अंश दिसला आणि दावे ठोकणाऱ्यांची झुंबड उडाली. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये कॉन खाणीत सोन्याची पहिली वीट ओतली गेली. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, जायंट नावाची दुसरी मोठी खाण चालू झाली. रस्ता नव्हता. तो १९६० च्या सुमारास आला. तोपर्यंत माणसे विमानाने आणि जड सामान उन्हाळ्यात पडावांतून यायचे. विमाने पाण्यावर उतरत, हिवाळ्यात पायांना चाकांऐवजी घसरपट्ट्या लावून बर्फावर उतरत.

अशा गावात माणूस राहायला येत नाही, कमवायला येतो. चार वर्षे राबायचे, गाठीला पैसा बांधायचा आणि दक्षिणेकडे परतायचे. परतताना विमानात वजनाचे भाडे पडते, तेव्हा कपाट, खाट, जुनी वर्तमानपत्रे, पत्रांचे गठ्ठे मागे राहतात. खाण बंद पडली की कंपनीही तशीच जाते. कचेरीच्या टेबलाच्या खणात मजुरांची हजेरीपत्रके, भिंतीवर भुयारांचे नकाशे, शेल्फावर खडकांचे नमुने. जाणाऱ्याच्या दृष्टीने हा सगळा कचरा. येलोनाइफची कचरा-डेपोची जागा गावात प्रसिद्ध आहे ती याच कारणाने. चांगल्या घरची माणसेही तिथे उघडपणे जाऊन उपयोगी वस्तू निवडून आणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. स्थानिक इतिहासकार हा या जमातीतलाच समजा. फरक एवढाच की बाकीचे लोक चालणारा हीटर शोधतात आणि हा फाटकी वही शोधतो.

असा माणूस बहुधा विद्यापीठातला नसतो. तो कधी शिक्षक असतो, कधी खाणीतला निवृत्त कामगार, कधी बातमीदार. येलोनाइफच्या परिसरातील खाणी एकेक घेऊन कोणती कधी सुरू झाली, किती खोल गेली, कोणते यंत्र कुठून आणले आणि शेवटी त्याचे काय झाले, असा बारकाईचा इतिहास तिथल्याच एका हौशी अभ्यासकाने लिहून काढला आहे. खाणींचा वारसा जपणारी स्वयंसेवकांची एक संस्थाही गावात आहे. गंजलेली यंत्रे गोळा करणारे लोक म्हणून त्यांची थट्टा करणे सोपे आहे. पण या मंडळींनी कागद उचलले नसते, तर ते उचलायला दुसरे कुणी येणार नव्हते.

कारण सरकारच मुळी गावात नव्हते. येलोनाइफ ज्या प्रदेशात येते त्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा कारभार १९६७ पर्यंत ओटावाहून चालत असे. अंतर काही हजार किलोमीटरचे. त्या वर्षी येलोनाइफ राजधानी झाली आणि १८ सप्टेंबर रोजी कमिशनर स्टुअर्ट हॉजसन कारकून, त्यांची कुटुंबे आणि सरकारी सामान घेऊन विमानाने गावात उतरले. आख्खे सरकार विमानातून उतरण्याचा प्रकार फार थोड्या गावांनी पाहिला असेल. पुढे १९७९ मध्ये 'प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर' उभे राहिले. राजपुत्र चार्ल्स यांनी स्वतः येऊन त्याचे उद्घाटन केले. संग्रहालय आणि प्रादेशिक दप्तरखाना दोन्ही तिथेच. म्हणजे पहिल्या सोन्याच्या विटेपासून चाळीस वर्षे गावाची आठवण लोकांच्या माळ्यांवर आणि खोक्यांतच होती.

त्या खोक्यांपैकी एक फार मोलाचे निघाले. हेन्री बुसे हा जर्मनीतून आलेला माणूस. आधी ग्रेट बेअर सरोवराकाठच्या खाणीत काम केले, मग १९४७ च्या सुमारास येलोनाइफमध्ये छायाचित्रांचे दुकान काढले. लग्न असो, खाणीतली पाळी असो, तलावावर उतरणारे विमान असो, बुसेचा कॅमेरा हजर. ज्याला फोटो हवा त्याचा फोटो काढणे एवढाच त्याचा धंदा. आपण इतिहास लिहीत आहोत असा आव त्यात नव्हता, म्हणूनच कदाचित त्या चित्रांत गाव जसेच्या तसे सापडते. १९६२ मध्ये विमान अपघातात त्याचा अंत झाला. त्याची हजारो छायाचित्रे आज त्या दप्तरखान्यात आहेत, आणि जुन्या येलोनाइफबद्दल कुणी काहीही लिहो, चित्र बहुधा बुसेचे असते.

पण फोटो जपणे हे अर्धेच काम. फोटोत कोण आहे आणि तो कोणत्या सालचा, हे कळले नाही तर तो नुसता देखणा कागद. इथे स्थानिक माणसाची नजर लागते. विमानाच्या अंगावरची अक्षरे वाचून ते विमान कुणाचे, कोणत्या वर्षी इथे उडत होते, हे शोधता येते. मागे दिसणाऱ्या खाणीच्या मनोऱ्यावरून काळ बांधता येतो. कॉन खाणीचा रॉबर्टसन मनोरा सत्तरच्या दशकात उभा राहिला. उंची ७६ मीटर, सगळ्या गावातून दिसायचा. तो चित्रात असेल तर चित्र त्या दशकाच्या आधीचे नाही. आणि २०१६ च्या नंतरचेही नाही, कारण त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुरुंग लावून तो पाडला. सरोवरावरून परतणाऱ्या नावाड्यांची आणि वैमानिकांची ती खूण होती. तो वाचवावा म्हणून गावकऱ्यांनी खटपट केली होती. देखभालीचा आणि जबाबदारीचा खर्च कोण उचलणार, या प्रश्नाशी येऊन ती थांबली. याउलट १९३७ चे ओंडक्यांचे 'वाइल्डकॅट कॅफे' पडायला आले होते, ते लोकांनी वाचवले. चहाचे दुकान वाचते आणि मनोरा पडतो. वारशाचे गणित बऱ्याचदा असेच खर्चाच्या बाजूने सुटते.

चित्रातल्या माणसांची नावे हा आणखी नाजूक विषय. जुन्या सरकारी छायाचित्रांत गोऱ्या अधिकाऱ्याचे नाव हुद्द्यासकट असते आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या नावाच्या जागी नुसते 'स्थानिक स्त्री'. ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने २००२ च्या सुमारास इन्युइट लोकांच्या छायाचित्रांसाठी नावे शोधण्याचा उपक्रम हाती घेतला. तरुण मुले चित्रे घेऊन वृद्धांकडे गेली, आणि अनेक अनोळखी चेहऱ्यांना नावे मिळाली. कुणाची आजी, कुणाचा काका. जे वृद्ध आधीच गेले, त्यांच्याबरोबर त्यांना माहीत असलेली नावेही गेली.

वाचकहो, या ठिकाणी थोडे आपल्या घरातल्या अल्बमबद्दल. चित्रातली नावे, गाव आणि साल फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. चिकट पानांचे अल्बम दिसायला छान. पण त्यांचा डिंक काही वर्षांत फोटो पिवळा करतो आणि तो सोडवताना फाटतो. चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. आणि हे काम घरात वडीलधारे माणूस आहे तोवर उरकावे.

पुन्हा येलोनाइफकडे. आता ते जमिनीखालचे कारण.

जायंट खाणीतले सोने खडकात आर्सेनिकच्या खनिजाला धरून होते. सोने मोकळे करायला खडक भाजावा लागे, आणि भाजताना धुरातून बाहेर पडे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. आपल्या जुन्या लोकांच्या भाषेत सोमल. पांढरी, बिनवासाची पूड, पाण्यात विरघळणारी. सुरुवातीच्या वर्षांत हा धूर सरळ धुराड्यातून आकाशात जाई आणि भोवतालच्या बर्फावर बसे. डेने कुटुंबे पिण्यासाठी हेच बर्फ वितळवत. १९५१ मध्ये लॅथम बेटावरील वस्तीत एक लहान मूल दगावले. कंपनीने आईबापांना ७५० डॉलर दिले. धूळ पकडण्याचे यंत्र त्याच वर्षी बसले. सावधगिरीच्या सूचना वर्तमानपत्रात छापल्या, फलक लागले. सूचना इंग्रजीत होत्या, आणि ज्यांना बर्फ वितळवून प्यावे लागे त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते.

कागद किती सांगतो आणि किती सांगत नाही, हे इथे दिसते. वर्तमानपत्राच्या फायलीवरून लोकांना सावध केले होते असे सिद्ध करता येईल. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका सांगतात ते वेगळे. न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातले जॉन सँडलॉस आणि आर्न कीलिंग या दोन इतिहासकारांनी कंपनीचे आणि सरकारचे कागद एकीकडे व डेने लोकांच्या आठवणी दुसरीकडे ठेवून हा इतिहास मांडला, तेव्हा त्याचा खरा आकार दिसू लागला. सोने सापडण्याच्या कथेचेही तसेच. पुस्तकात भूगर्भतज्ज्ञांची आणि दावे ठोकणाऱ्यांची नावे आहेत. डेने लोक सांगतात की चमकणारा दगड त्यांच्यातल्याच एका बाईने एका गोऱ्या माणसाला दाखवला होता आणि बदल्यात तिला मिळाल्या चुलीच्या धुराड्याच्या नळ्या. या व्यवहाराची पावती कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. मला ती कथा पावतीइतकीच महत्त्वाची वाटते.

धुरातून पकडलेल्या सोमलाचे पुढे काय केले? ते खाणीच्याच पोटात, खोदून रिकाम्या झालेल्या पोकळ्यांत आणि मुद्दाम केलेल्या कोठ्यांत भरत गेले. जमीन गोठलेली आहे, तिथे पाणी पोहोचणार नाही, असा हिशेब होता. भट्टी १९९९ मध्ये थंड झाली, मालक कंपनीचे दिवाळे वाजले, आणि खाण २००४ मध्ये कायमची बंद पडली. मागे राहिले २,३७,००० टन सोमल. या खाणीने आपल्या आयुष्यात सुमारे ७० लाख औंस सोने दिले, म्हणजे दोनशे टनांहून थोडे अधिक. एक किलो सोन्यामागे हजारभर किलो विष. सोने जगभर पांगले. विष गावापासून हाकेच्या अंतरावर, सरोवराच्या काठाशी आहे.

ते बाहेर काढणे धोक्याचे, म्हणून उपाय ठरला तो गोठवून ठेवण्याचा. जमिनीत उभ्या नळ्या पुरायच्या. त्यांतला वायू हिवाळ्यात खालची उष्णता वर आणून थंड हवेत सोडतो आणि कोठ्यांभोवतालचा खडक गोठलेला राहतो. खर्चाचा अंदाज २०२२ मध्ये चार अब्ज डॉलरांच्या पुढे गेला. सारा बोजा सरकारी तिजोरीवर. पहिल्या योजनेत ही व्यवस्था 'कायमची' म्हणून मांडली होती. लोकांनी, विशेषतः डेने प्रतिनिधींनी, त्याला हरकत घेतली. २०१४ मध्ये सरकारने मुदत शंभर वर्षांची ठरवली, दर वीस वर्षांनी स्वतंत्र तपासणीची अट घातली आणि कायमचा तोडगा शोधण्यासाठी संशोधन चालू ठेवण्याचे मान्य केले.

शंभर वर्षे हा आकडा मोठा वाटतो; पण सोमल सडत नाही, झिजत नाही. शंभरच काय, पाचशे वर्षांनीही ते सोमलच राहणार. तेव्हा इथे कोण राहत असेल, कोणती भाषा बोलत असेल? त्यांना कसे कळावे की या टेकाडाखाली खणायचे नाही? जाणकारांनी यावर पुष्कळ विचार केला आहे. दगडी खांब, कवटीची चित्रे, न झिजणाऱ्या धातूच्या पाट्या. मात्र पाटी पाहून माणूस थांबतोच असे नाही. कधीकधी पाटी आहे म्हणजे खाली काहीतरी मोलाचे असणार, असेच त्याला वाटते. डेने वृद्धांचा कल गोष्टीकडे आहे. नातवंडांना सांगा, त्यांनी त्यांच्या नातवंडांना सांगावे. शेकडो वर्षे त्यांचा सारा भूगोल अशाच गोष्टींतून पुढे आला आहे, तेव्हा त्यांचे म्हणणे भाबडे म्हणून सोडून देता येत नाही.

कागदाचीही गरज आहेच. कोणती कोठी किती खोल, तिची भिंत किती जाड, कोणते भुयार तिच्या जवळून जाते, हे जुन्या नकाशांतच असते. कुणाच्या तरी नजरेत कचरा असलेली ती गुंडाळी, आणि तिच्यावरच्या रेघेवर आज अभियंत्याला भरवसा ठेवावा लागतो.

या दप्तरात नकोशा आठवणीही आहेत. १९९२ मध्ये जायंट खाणीत कडाक्याचा संप झाला. १८ सप्टेंबरला भुयारात स्फोट झाला आणि संप चालू असताना कामावर गेलेले नऊ जण मृत्युमुखी पडले. तो घातपात होता. एका संपकरी कामगाराला १९९५ मध्ये शिक्षा झाली. वीस हजार वस्तीच्या गावात दोन्ही बाजूंची माणसे एकाच दुकानात भाजी घेतात, त्यांची मुले एकाच शाळेत शिकलेली. मोठ्या शहरातल्या इतिहासकाराला हे प्रकरण नुसते प्रकरण असते. गावातल्या माणसाने संपाची पत्रके फायलीत लावली, तर ती लिहिणारा त्याला उद्या पोस्टात भेटतो. अशा माणसाने थोडे झाकून लिहिले तर त्याला दोष देणे मला जड जाते. पत्रके त्याने फेकून दिली नाहीत, एवढे पुष्कळ.

आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर सगळे गावच रिकामे झाले. जंगलाचे वणवे जवळ आले आणि १६ ऑगस्टला हुकूम निघाला, सर्वांनी बाहेर पडावे. दक्षिणेकडे जाणारा रस्ता एकच. जवळजवळ वीस हजार माणसे मोटारींनी आणि विमानांनी निघून गेली; तीन आठवड्यांनी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, परतण्याची परवानगी मिळाली. शहर वाचले. तासाभरात मोटारीत काय भरायचे, हा प्रश्न त्या दिवशी घराघरांत पडला असेल: औषधे, मुलांचे कपडे, कुत्रा, कागदपत्रे आणि कपाटावरचे फोटोंचे खोके. दप्तरखान्यातली खोकी मात्र कुणाच्या मोटारीत मावणारी नव्हती.

त्या तीन आठवड्यांचेही आता कागद झाले आहेत. रस्ता बंद असल्याचे फलक, निवारा छावणीतले बिल्ले, पेट्रोलच्या पावत्या, घराच्या दारावर शेजाऱ्यासाठी अडकवलेल्या चिठ्ठ्या. परतल्यावर बहुतेकांनी ते झाडून केरात टाकले असणार. केराची गाडी डेपोवर गेली असेल, आणि तिथे एखादा फाटकी वही शोधणारा उभा असेल.